‘मीरा’ ठेवायचं ठरतंय, पण अर्थ कोणता धरायचा?

पत्र

माझ्या मुलीला गेल्या महिन्यात इथे इंदूरला, माहेरी, मुलगी झाली. जावई नोकरीनिमित्त म्युनिकला असतात. चार-पाच महिन्यांनी मायलेकी तिकडे जातील. बाराव्या दिवशी बारसं जमलं नाही, ते आता सव्वा महिन्यानंतर करणार आहोत. मुलीला-जावयांना ‘मीरा’ ठेवायचं आहे. ते म्हणतात, हे नाव जगात कुठेही चालतं. आमच्या ह्यांची, म्हणजे आजोबांची, इच्छा ‘अहिल्या’. नणंदबाई म्हणतात, मीरा नकोच. तिला संसारसुख नव्हतं, नशिबी विषाचा प्याला आला. गुरुजींनी विशाखा नक्षत्रावरून ती, तू, ते, तो ही अक्षरं काढून दिली आहेत. पुतणसून म्हणते ‘मायरा’ ठेवा, तेच नाव पण नव्या वळणाचं. मोबाईलवर पाहिलं तर मीराचा अर्थ कुठे समुद्र, कुठे शांती, कुठे राजकन्या, कुठे प्रकाश. खरा कोणता? इंग्रजी स्पेलिंग काय करावं? दवाखान्याच्या फॉर्मवर नावाची जागा कोरी आहे, त्यावरून पुढे अडेल का? सराफ्यात चांदीची वाटी करायला टाकली आहे, तिच्यावर नाव कोरायचं तेवढं थांबलंय.

— एक आजी, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर

ताई, नात झाली, घर भरलं, त्याबद्दल मनापासून अभिनंदन.

आधी फॉर्मचं सांगतो, कारण तेवढ्याच गोष्टीला मुदत आहे. नावाची कोरी जागा ही चूक नाही. जन्माची माहिती देण्याच्या छापील अर्जातच लिहिलेलं असतं की बाळाचं नाव ठरलं नसेल तर रकाना मोकळा सोडा. जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ ह्या कायद्यात जन्माची नोंद आणि नावाची नोंद ह्या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या आहेत. जन्माची खबर २१ दिवसांत द्यावी लागते, आणि बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ती दवाखान्यानेच द्यायची असते. नावाला पुष्कळ सवड आहे: नोंदणीपासून १२ महिन्यांच्या आत कळवलं तर कसलंही शुल्क नाही, त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. तेव्हा उद्या दवाखान्यात एवढंच विचारा की जन्माची खबर गेली का आणि नोंदणी क्रमांक काय. ती राहिली असेल तर मात्र उशीर करू नका. २१ दिवस उलटून ३० दिवसांपर्यंत नुसत्या विलंबशुल्कावर भागतं. ३० दिवसांनंतर वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश.

नावाची घाई करू नका असं म्हणतो त्यालाही कारण आहे. कायद्याच्या कलम १५ मध्ये नोंदीतली चूक दुरुस्त करता येते. पण ‘आधी अहिल्या लिहिलं, आता मीरा करायचंय’ ही चूक नव्हे, तो बदललेला विचार आहे, आणि तिथे अर्ज अडकतात. बारसं होऊ द्या, घरात एकमत होऊ द्या, मगच नोंदवा.

आता अर्थाकडे येऊ. मोबाईलवर दिसलेले चारही अर्थ खोटे नाहीत, फक्त ते एकाच नावाचे नाहीत. दोन अक्षरं, मी आणि रा, ही जोडी इतकी सोपी आहे की वेगवेगळ्या भाषांत ती आपापल्या वाटेने तयार झाली. ह्या सगळ्या एका झाडाच्या फांद्या नाहीत. नावांच्या याद्या करणारे सगळे अर्थ एका ओळीत स्वल्पविराम देऊन लिहितात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की आपल्या मीरेत हे सारं आहे.

समुद्र हा अर्थ संस्कृतचा. ‘मीर’ असा पुल्लिंगी शब्द कोशात सापडतो, अर्थ समुद्र. पण तो उणादिसूत्रांवरच्या, म्हणजे शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या जुन्या व्याकरणसूत्रांवरच्या, टीकेतून कोशात आलेला शब्द आहे. काव्यात समुद्राला सागर, सिंधू, अर्णव, रत्नाकर म्हणताना कवी थकत नाहीत, तिथे मीर भेटत नाही. मीराबाईचं नाव ह्यावरूनच पडलं असं म्हणायला आधार नाही. जुन्या राजस्थानी आणि हिंदी पदांत तिचं नाव बहुधा ‘मीराँ’ असं अनुनासिक येतं. त्यामुळे काही अभ्यासकांनी ते फारसी ‘मीर’ म्हणजे सरदार, धनी ह्या शब्दाशी जोडलं. हा मीर अरबी ‘अमीर’चं आखूड रूप आहे. मिरजेचा मीरासाहेबांचा दर्गा आपल्याला ठाऊक आहे, गुजरातेत उनावा इथे मीराँ दातार आहेत. तिथे मीरा हा पुरुषाच्या नावातला आदराचा शब्द आहे. मोबाईलवरची ‘राजकन्या’ ह्याच वाटेने आली: अरबीत ‘अमीर’चं स्त्रीरूप ‘अमीरा’, आणि तिचा पहिला ‘अ’ गळून मीरा. गंमत अशी की अरबीत ‘मीरा’ असा आणखी एक स्वतंत्र शब्द आहे, त्याचा अर्थ घरात भरून ठेवलेली शिधासामग्री. मुलीच्या नावाला हा अर्थ मला राजकन्येहून जास्त आवडतो, पण तोही राजस्थानातल्या मेडत्याच्या मीरेचा, म्हणजे मीराबाईचा, नाही.

शांती हा अर्थ स्लाव भाषांचा. रशियन, सर्बियन, बल्गेरियन, पोलिश ह्या भाषांत ‘मिर’ म्हणजे शांतता, आणि काहींत जगसुद्धा. मिरोस्लावा, द्रागोमिरा अशी लांब नावं घरात आखडून ‘मिरा’ होतात, जसं आपल्याकडे सुमतीची सुमी होते. भाषांचे अभ्यासक ह्या ‘मिर’चं नातं आपल्या ‘मित्र’ शब्दाशी जोडतात. म्हणजे बेलग्रेडच्या मिराची संस्कृतातली चुलतबहीण शोधायची तर ती मीरा नव्हे, मैत्रेयी.

लॅटिनमध्ये ‘मिरा’ म्हणजे अद्भुत, नवल वाटावं अशी. इंग्रजीतला मिरॅकल तिथलाच, मिरांडा हे नावही तिथलंच. हा लॅटिन शब्द आणि संस्कृतातला ‘स्मि’ धातू एका कुळातले मानले जातात. स्मि म्हणजे हसणं. त्यावरून आपल्याकडे स्मित आणि विस्मय. तेव्हा ह्या घरातली आपली बहीण स्मिता. आकाशातही एक मिरा आहे, ती ह्याच अर्थाची. तिमिंगल तारकासमूहातला हा तारा सुमारे अकरा महिन्यांच्या फेऱ्यात इतका मंदावतो की नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो, आणि पुन्हा उजळतो. १५९६ साली डेव्हिड फाब्रिसियसने त्याची नोंद केली, आणि १६६२ साली योहानेस हेवेलियसने त्याला ‘मिरा’ म्हणजे ‘नवलाची’ असं नाव दिलं. नातीला तो तारा जरूर दाखवा. पण तिचं नाव त्यावरून पडलं असं सांगू नका.

प्रकाश हा अर्थ हिब्रूचा, आणि तो खरं तर ‘मेइरा’ ह्या नावाचा: प्रकाश देणारी. ज्यू घरांत मिरा हे मिरियमचं लाडाचं रूप म्हणूनही चालतं. फिनलंडमध्येही मिरा आहे, तीसुद्धा मिर्याम, मिर्या ह्या नावांची धाकटी. अल्बेनियन भाषेत ‘मिर’ म्हणजे चांगलं, त्यावरून तिथली मिरा. स्पॅनिशमध्ये ‘मिरा’ म्हणजे ‘बघ!’, त्यामुळे स्पेनच्या बाजारात तुमच्या नातीला दिवसातून पन्नास वेळा कुणीतरी हाक मारतंय असं वाटेल. जपानी भाषेत दीर्घ ई देऊन म्हटलेला ‘मीइरा’ म्हणजे ममी, मसाल्यात जतन केलेलं प्रेत. हा शब्द पोर्तुगीज ‘मिर्रा’ म्हणजे बोळ ह्या सुगंधी डिंकावरून तिकडे गेला. तुमचे जावई तोक्योला असते तर मी हे ठळक अक्षरांत लिहिलं असतं. म्युनिकला त्याचा त्रास नाही.

दोन माणसांची उदाहरणं घेतली की हा वेगळेपणा चटकन लक्षात येतो. पुदुच्चेरीच्या आश्रमातल्या माताजींचं नाव मिर्रा अल्फासा. त्यांचा जन्म १८७८ साली पॅरिसचा, आणि मिर्रा हे नाव त्यांना जन्मापासून होतं. भारताशी संबंध येण्याच्या कितीतरी आधी. मीराबाईशी त्याचा धागा नाही. दुसऱ्या मॅडलीन स्लेड, ब्रिटिश नौदलातल्या ॲडमिरलची मुलगी. १९२५ साली त्या साबरमतीला आल्या आणि गांधीजींनी त्यांचं नाव मीराबहन ठेवलं. ते मात्र थेट मेडत्याच्या मीरेवरून. दोघीही युरोपात जन्मलेल्या, दोघींनीही आयुष्याचा मोठा काळ भारतात वाहिला, ऐकायला नावं सारखी, आणि विहिरी दोन.

मग ‘खरा’ अर्थ कोणता? तुमच्या घरात हे नाव ज्या वाटेने येतंय, त्या वाटेचा. तुम्ही मीरा म्हणता तेव्हा तुमच्या मनात पोलंड नसतं, तंबोरा घेतलेली मीराबाई असते. आपल्याकडे काही नावांना शब्दाचा अर्थ असतो, जसं स्मिता, मैत्रेयी, विमल; काही नावांना माणसाचा अर्थ असतो. मीरा हे दुसऱ्या जातीचं नाव. त्याचा अर्थ विचारला तर मीराबाईचं नाव घ्यायचं, बस. बारशाच्या पत्रिकेत ‘मीरा म्हणजे समुद्र, शांती, प्रकाश’ असं छापू नका. मोठी झाल्यावर मुलगी कुणा सर्बियन मैत्रिणीला ते सांगेल आणि ती मैत्रीण विचारेल, हे तर आमचं, तुमच्याकडे कसं?

इथेच नणंदबाईंच्या शंकेचं उत्तरही आहे, आणि ते शोधायला इंदूरच्या बाहेर जावं लागत नाही. अहिल्या हे मूळ नाव कुणाचं? गौतम ऋषींच्या पत्नीचं, जी शापाने शिळा झाली. संस्कृतात ते ‘अहल्या’, आपण मराठीत ‘अहिल्या’ म्हणतो. ज्या न्यायाने मीरा नको, त्याच न्यायाने अहिल्याही नको म्हणावं लागेल. पण इंदुरात आज कुणी अहिल्या म्हटलं की शिळा आठवते का? चौंडीच्या शिंद्यांच्या घरची मुलगी आठवते, महेश्वरचा घाट आठवतो, १७६७ ते १७९५ असा जवळजवळ तीन दशकांचा कारभार आठवतो. विद्यापीठाला तिचं नाव, विमानतळाला तिचं नाव. एका बाईने आपल्या कर्तृत्वाने त्या नावाचा अर्थच बदलून टाकला. नाव माणसाला घडवत नाही, माणूस नावाला घडवतो, ह्याचा ह्याहून मोठा पुरावा कुठल्या गावाला मिळाला असेल असं मला वाटत नाही. सीता, द्रौपदी, दमयंती, शकुंतला, तारामती: दुःख वगळून नावं ठेवायची म्हटली तर आपल्या पुराणांतलं एकही नाव उरणार नाही.

आणि मीरेकडे नुसतं दुःख म्हणून पाहणंही बरोबर नाही. मेडत्याच्या राठोड घराण्यातली ती मुलगी, राव दूदांची नात, १५१६ साली मेवाडच्या भोजराजांना दिलेली. राजघराण्यातल्या बाईने स्वतःच्या नावाची मुद्रा घालून पदं रचावीत आणि ती पाचशे वर्षं देशभर गायली जावीत, हे त्या काळात किती मोठं होतं त्याचा विचार करा. मराठी घरांनाही ती परकी नाही. ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजय’ ह्या संतचरित्रांच्या पोथीत मीराबाईची कथा आहे. पोथी वाचणाऱ्या आपल्या पणज्यांना ती माहीत होती. १९४५ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी पडद्यावर मीरा केली, आधी तमिळमध्ये आणि १९४७ साली हिंदीत, तेव्हा दक्षिणेतल्या घरोघरीही ती पोहोचली. आपल्याकडे ज्या आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत त्या पिढीत मीरा पुष्कळ सापडतात. मधल्या काळात हे नाव मागे पडलं आणि आता सई, तारा, ईरा अशा दोन अक्षरी नावांच्या लाटेबरोबर परत आलं आहे. नणंदबाईंना हे शांतपणे सांगा. त्यांचा विरोध नाही, काळजी आहे. आणि काळजीला उत्तर दिलं की ती निवते.

पुतणसुनेचा ‘मायरा’ मात्र मी सुचवणार नाही. ते मीराचं नवं वळण नव्हे, वेगळंच नाव आहे. फुल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीने सोळाव्या शतकात आपल्या कवितांसाठी ते घडवलं असं मानतात. संस्कृतात मायरा म्हणजे ‘लाडकी’ असं याद्यांत छापतात, त्याला काहीच आधार नाही. शिवाय आपण माळव्यात राहतो. इथे मायरा म्हणजे भाचीच्या किंवा भाच्याच्या लग्नात मामाने भरायचा आहेर, कपडालत्ता, दागिना. नानीबाईच्या मायऱ्याची कथा तुमच्या कॉलनीत कुठे ना कुठे लागलेलीच असते. शाळेत ‘तुझं नाव आहेर का?’ असं विचारलं जाईल, ते मुलीला का सोसायला लावायचं?

गुरुजींची अक्षरं बरोबर आहेत. अवकहडा चक्राप्रमाणे, म्हणजे नक्षत्रावरून नावाचं अक्षर काढायच्या तक्त्याप्रमाणे, विशाखेच्या चार चरणांना ती, तू, ते, तो हीच येतात. ‘मी’ येतं मघेला. पण नक्षत्राचं अक्षर नाक्षत्रनामासाठी असतं, व्यवहारातल्या नावासाठी नव्हे. नामकरणात देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावं ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. तेव्हा गुरुजींना चरण विचारून घ्या आणि तेजस्विनी, तोषा असं एखादं नाव नाक्षत्रनाम म्हणून पत्रिकेत लिहा. पुढे पत्रिका जुळवताना जन्मवेळेवरून चंद्राचं नक्षत्र बघतात. नावाच्या पहिल्या अक्षरावर तेव्हाच जावं लागतं जेव्हा जन्मवेळ माहीत नसते. तुमच्याकडे ती दवाखान्यातून लिहून मिळालेली आहे. शास्त्राधार हवाच असेल तर मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाबद्दल सांगितलंय: सहज उच्चारता यावं, कठोर नसावं, मनोहर असावं, शेवटी दीर्घ स्वर यावा. मीरा ह्यात चपखल बसतं. पारस्कर गृह्यसूत्रात मुलीच्या नावात अक्षरं विषम असावीत असंही आहे, त्यात मीरा बसत नाही. पण सीता, राधा, गंगा, रमाही बसत नाहीत, आणि त्यावाचून कुणाचं अडलं नाही.

देवतानामाच्या जागी, किंवा पाळण्यातलं नाव म्हणून, ‘अहिल्या’ घ्या. आत्याने कानात ‘कुर्र’ करून मीरा सांगावं, आणि आजोबांनी पाळण्याशी उभं राहून अहिल्या अशी हाक मारावी. घरात ते हवं तितकं वापरा. कागदावर मात्र दोन्ही नावं एकापुढे एक लिहू नका. अहिल्या हे एकटंच कागदावर घालायचं म्हटलं तरी जर्मनीत त्याचा उच्चार टिकायचा नाही. जर्मनमध्ये दोन स्वरांमधला ‘ह’ बहुतेक वेळा मुका असतो, म्हणून पुष्कळजण तिला ‘आइल्या’ म्हणतील. आजोबांना हे ऐकवणार नाही, असं मला वाटतं.

स्पेलिंगचं उत्तर स्पष्ट आहे: एम-आय-आर-ए. भारतात सवयीने आपण डबल ई लिहितो, एम-ई-ई-आर-ए, आणि इंग्रजी देशांत तेच सोयीचं पडतं, कारण तिथे एक आय लिहिला तर अर्धे लोक ‘माइरा’ वाचतात. जर्मनमध्ये उलट होतं. तिथे डबल ई म्हणजे लांब ‘ए’. म्हणून एम-ई-ई-आर-ए हे जर्मन शिक्षिका ‘मेऽरा’ वाचेल. जर्मनमध्ये ‘मेऽर’ म्हणजे समुद्र, आणि संस्कृत कोशातला तो मीरही समुद्रच. पण हा निव्वळ योगायोग आहे, दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. इंदूरला सुट्टीत आल्यावर हिंदी बोलणाऱ्या शेजारच्या पोरांना त्यात ‘मेरा’ ऐकू येईल ते वेगळंच. एक आय लिहिला की जर्मन माणूस न सांगता ‘मीरा’ म्हणतो. र घशातून येईल, तेवढं चालवून घ्या. कुणी एम-ई-आय-आर-ए सुचवलं तर नको, ते जर्मनमध्ये ‘माइरा’ होतं. एम-आय-ई-आर-ए जर्मनमध्ये बरोबर वाचलं जाईल, पण इथे बँकेतला माणूस ‘मिएरा’ म्हणेल. उद्या जावयांची बदली इंग्लंड-अमेरिकेत झाली तर एकदा उच्चार सांगावा लागेल. अंकशास्त्राच्या नावाखाली शेवटी जादा ए किंवा एच जोडायला सांगणारेही भेटतील. प्रत्येक जादा अक्षर हे पुढच्या प्रत्येक कागदावर चुकण्याची एक जादा जागा असतं.

आणखी एक गोष्ट मुलीला आत्ताच सांगून ठेवा. जर्मनीत गेली काही वर्षं मिया, मिला, एमिलिया ही मुलींची नावं वरच्या रांगेत आहेत. बालवाडीत मीरा, मिला आणि मिया एकाच वर्गात असतील आणि फोनवर हमखास गोंधळ होईल. नाव बदलण्याइतकं ते मोठं नाही. दप्तर, टोपी आणि डबा ह्यांवर आडनावाचं पहिलं अक्षरही घालायचं, म्हणजे झालं.

कागदांचा क्रम असा ठेवा. बारशानंतर आईवडिलांनी सही केलेला नावाचा अर्ज नोंदणी कार्यालयात द्यायचा. कुठली कागदपत्रं जोडायची ते आधी नगर निगमच्या झोन कार्यालयात विचारून घ्या. दाखल्यावर नाव हिंदी आणि इंग्रजी दोन्हींत येतं. खिडकीवरच दोन्ही वाचा. इंग्रजीवरून देवनागरी करताना ‘मिरा’ असा ऱ्हस्व होतो, ही नेहमीची चूक आहे, आणि आपण इंग्रजीच तपासून घरी येतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, आधार अशा सगळ्या ठिकाणी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आधार धरला जातो, त्यामुळे दाखल्यावर जे छापलं तेच पुढे सगळीकडे जातं. दाखला आधी, मग आधार, मग पासपोर्ट. पाच वर्षांखालच्या मुलाच्या आधारला बोटांचे ठसे लागत नाहीत, आई किंवा वडिलांच्या आधारशी ते जोडलं जातं.

पासपोर्टच्या अर्जात आपल्या मराठी माणसांचं एक ठरलेलं दुखणं आहे: मधलं नाव. आपण ‘मीरा’च्या पुढे वडिलांचं नाव लिहून मोकळे होतो. अर्जात रकाने दोनच, दिलेलं नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव पहिल्या रकान्यात घातलं की जर्मन कचेरीत ते तिचं दुसरं स्वतःचं नाव समजतात, आणि विमा, बालवाडी, डॉक्टर सगळीकडे तिच्या नावात वडिलांचं नाव चिकटतं. तेव्हा पहिल्या रकान्यात फक्त मीरा, दुसऱ्यात आडनाव. वडिलांच्या नावाला अर्जात वेगळी जागा आहेच. जन्मदाखल्यावरही तसंच ठेवा, नाहीतर दोन कागदांत फरक पडतो. आडनावाचा रकाना रिकामा कधीच सोडायचा नाही. व्हिसाच्या वेळी त्याचा फार मनस्ताप होतो. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच मिळतो. चार-पाच महिन्यांनी निघायचं म्हणजे त्यात व्हिसाचाही वेळ आला, म्हणून बारसं झालं की त्याच आठवड्यात नावाचा अर्ज देऊन टाका.

राहिली वाटी. सराफ्यात सांगा की देवनागरीतच कोरायचं, इंग्रजी नको, आडनाव नको. कागदावर ‘मीरा’ सुटं लिहून द्या, दुसरी वेलांटी ठसठशीत काढून. तोंडी सांगितलं की कोरणारा पहिली काढतो, आणि चांदीवरची रेघ घासून काढायची तर पत्रा तेवढा पातळ होतो. वाटीच्या आतल्या बाजूला कोरू नका, खिरीचा कण अक्षरात अडकतो. बाहेर, काठाच्या बोटभर खाली कोरून घ्या. आणि तळाला जागा असते, तिथे आजोबांसाठी बारीक अक्षरात ‘अहिल्या’ कोरून घ्यायला काहीच हरकत नाही.